तुकड्यापासून काल्यापर्यंत

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत मोझरी येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज ते हेच. महाराजांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अश्विन वद्य पंचमीला, मला दरवर्षी जाणं जमत नाही; पण दोन-तीन वर्षांतून एकदा मी जातोच. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथला सगळा जनसागर मौन होतो. भजनं थांबतात, लाऊडस्पीकर थांबतात, खेळणीवाल्यांच्या पिपाण्यासुद्धा थांबतात. मग उत्सवाची सांगता गोपाळकाल्यानं होते आणि मंडळी आपापल्या गावची वाट धरतात.

काही वर्षांपूर्वी काल्याच्या वेळी माझ्या शेजारी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. आजीबरोबर आलेला. द्रोणातला काला त्यानं अर्धाच खाल्ला आणि उरलेला दुसऱ्या द्रोणानं झाकून मांडीवर धरून ठेवला. मी सहज विचारलं, तर म्हणाला, घरी लहान बहीण आहे. आजीनं मान दुसरीकडे वळवली. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. हिशेब ही माझी सवयच. पण त्या अर्ध्या द्रोणाचा हिशेब काही मला लागेना. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी महाराजांच्या नावाचा विचार करत राहिलो. तुकड्या. ज्यांच्या नावातच भाकरीचा तुकडा आहे असा दुसरा संत मला तरी आठवत नाही.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिवणकाम करायचे, आईचं नाव मंजुळाबाई. त्या काळचा वऱ्हाड कापसानं गबर झालेला होता. इथल्या रुईच्या गाठी मुंबईमार्गे थेट विलायतेला जात. पण याच श्रीमंत वऱ्हाडात माणिकच्या जन्माआधी दहा वर्षं, १८९९-१९०० साली, भीषण दुष्काळ पडून गेला होता. कापूस विकून पैसा येतो, पण कापूस खाता येत नाही, हा धडा वऱ्हाडानं तेव्हा घेतला आणि पुढे अनेकदा विसरला. अशा मुलुखात शिंप्याच्या घरी रोज चूल कशी पेटत असेल, याची कल्पना ज्यांनी गरिबी पाहिली आहे त्यांना सहज येईल.

माणिक काही काळ वरखेडला आजोळी राहिला. तिथे त्याला आडकोजी महाराज भेटले आणि पोराचं सगळं आयुष्यच बदललं. शाळेत मन रमेना. प्राथमिक इयत्तांच्या पुढे शिक्षण गेलंच नाही. भजन मात्र गळ्यात होतं. खंजिरी घेऊन पोरगं दारोदार, देवळादेवळांतून गायचं आणि मिळेल तो भाकरीचा तुकडा खायचं. म्हणून आडकोजी महाराजांनीच त्याला तुकड्या हे नाव दिलं, असं भक्तमंडळी सांगतात. गुरू गेले तेव्हा माणिक जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. आजच्या हिशेबानं सहावी-सातवीतला मुलगा.

आपल्याकडे संतांची चरित्रं लिहिताना भूक ही वैराग्याची खूण म्हणून लिहिली जाते. मोठ्या माणसानं उपवास करणं वेगळं आणि वाढत्या अंगाच्या पोराच्या पोटात अन्न नसणं वेगळं. पहिल्यात निवड असते, दुसऱ्यात नसते. महाराज पुढे मोठे झाले, पण त्यांनी तुकड्या हे नाव टाकलं नाही. प्रत्येक भजनाखाली तीच मुद्रा ठेवली. मला ती नम्रतेपेक्षा आठवण वाटते. भुकेची आठवण त्यांनी सहीसारखी जपली.

पुढची काही वर्षं ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत राहिले. १९३५ साली सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला आणि तिथे प्रचंड लोक लोटले. एवढी माणसं आपल्या शब्दाला जमतात हे पाहिल्यावर एखाद्यानं मठ बांधून गादी मांडली असती. महाराजांनी त्याच वर्षी मोझरीच्या माळावर गुरुकुंज आश्रम उभा केला आणि तो कामासाठी उभा केला. पुढच्या वर्षी, १९३६ साली, ते महिनाभर सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले. तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योग संघाचं काम जोरात चाललं होतं. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, पालेभाजी या गोष्टी तिथे चवीच्या म्हणून पाहिल्या जात नव्हत्या, खेड्यातल्या माणसाच्या अंगात ताकद कशी येईल या दृष्टीनं पाहिल्या जात होत्या. देशाचं स्वातंत्र्य आणि माणसाच्या ताटातलं अन्न यांचा संबंध जोडणारी ती हवा होती.

१९४२ साली चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली पेटली. लोकांच्या मनात ठिणगी टाकणाऱ्यांत महाराजांची भजनं होती, हे इंग्रज सरकारनं बरोबर ओळखलं. त्यांना ऑगस्टमध्ये अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आलं. डिसेंबरात सुटल्यावर त्यांनी अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं काम हाती घेतलं. सकाळी ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, जातपात विसरून एकत्र बसणं, व्यायाम, व्यसनमुक्ती. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं. १९५५ साली त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. आमच्या वऱ्हाडात ती घरोघरी आहे. लाल कपड्यात बांधलेली असते, हे मात्र तिचं दुर्दैव.

ग्रामगीता उघडून नुसती अध्यायांची नावं वाचावीत. ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, गरिबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, जीवनशिक्षण. वेगवेगळे विषय वाटतात, पण घरातल्या ताटाशी येऊन हे सगळे एक होतात. गावात गाय असेल तर पोराला दूध, श्रमाला दाम असेल तर कणगीत ज्वारी, गाव स्वच्छ असेल तर खाल्लेलं अंगी लागणार, बाईला मान असेल तर तिच्या आणि मुलींच्या वाट्याला शेवटचं उरलेलं येणार नाही. लग्न-तेरवीच्या पंक्तींवर कर्ज काढून पैसा उधळण्याला महाराजांनी कडाडून विरोध केला, त्याचं मर्म मला बँकेत गेल्यावर कळलं. एका दिवसाच्या गोड जेवणाचं कर्ज फेडताना घरातली पोरं दोन-दोन वर्षं आटलेल्या वरणावर राहतात.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वद सालच्या आसपास मी एका ग्रामीण शाखेत होतो. श्रावणातले दिवस. पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांच्या शेतांची पाहणी करत एका गावी गेलो. पऱ्हाटी छान कमरेएवढी वाढलेली. घरधनी रानात होता. त्याच्या बायकोनं मला ओसरीत बसवलं आणि कपबशीतून दुधाचा चहा दिला. तिची दोन पोरं दाराशी बसून कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवून खात होती. शाळेचा दिवस होता. पोरगा घरी कसा, असं विचारल्यावर ती म्हणाली की त्याला शाळेत चक्कर येते. बाहेर पडल्यावर सोबतच्या कोतवालानं सांगितलं, दूध शेजारून उसनं आणलं होतं.

मी शाखेत येऊन अहवाल लिहिला. एकर किती, बैलजोडी आहे का, विहीर आहे का, पिकाची स्थिती कशी. शेवटच्या रकान्यात समाधानकारक असं लिहून सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पऱ्हाटी खरंच समाधानकारक होती. पण कणगीत काय उरलंय, हे विचारणारा रकाना त्या फॉर्मात नव्हता आणि मलाही तो विचारावासा वाटला नाही. पोराच्या चक्करेचं मी पुढे काहीच केलं नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची लाज मला आजही वाटते.

वऱ्हाडातल्या जुन्या बायांना आषाढ-श्रावणाचे दिवस माहीत आहेत. मागच्या हंगामाची ज्वारी संपत आलेली, पैसा बियाण्या-खतात गेलेला, नवा मूग यायला अवकाश. त्या दिवसांत तरोटा, अंबाडी यांवर घरं निभावून नेतात. घरातली भूक एकदम येत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं ही भूक मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक पट्टी केली आहे. अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, हा पहिला प्रश्न. मग जेवणातले प्रकार कमी झाले का, एखादं जेवण टाळावं लागलं का, आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी राहावं लागलं का. गंमत पाहा, आपण भूक म्हणतो ती शेवटच्या पायरीला. तोवर आई स्वतःचं ताट कमी करत पोरांना झाकत असते. म्हणून शेजाऱ्याला कळत नाही, मास्तरांना कळत नाही आणि बँकेच्या साहेबाला तर नाहीच नाही.

कळत नाही, पण मुलाच्या अंगावर ते उमटतं. २०१६ ते २०१८ या काळात देशात एक मोठं पोषण सर्वेक्षण झालं. त्यात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २३ टक्के किडकिडीत आढळली. १० ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये ४० टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी होतं. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के. हा फरक निसर्गाचा थोडा आहे आणि घरातल्या वाढपाचाही आहे. कोऱ्या चहा-भाकरीची न्याहारी पोट भरल्यासारखी वाटते, पण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळाच होतो. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे-गूळ, जवसाची चटणी, उकडलेल्या घुगऱ्या आणि वरून लिंबाची फोड किंवा आवळा, हे आपल्या आजीचं खाणं कितीतरी शहाणं होतं.

शाळेतल्या पोराला शाळेतच जेवू घालावं, हा विचार महाराजांच्या हयातीत जगात चांगलाच रुजला होता. युद्धात होरपळलेल्या जपाननं १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले आणि तिथल्या सभेत त्यांची खंजिरी घुमली. १९५६ साली मद्रास राज्यात कामराजांनी दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली. आम्हा महाराष्ट्रातल्या पोरांना मात्र आठवते ती १९७२ च्या दुष्काळातली सुकडी. मी तेव्हा पाचवी-सहावीत होतो. कागदाच्या पुडीतली ती गोडसर भुकटी तळहातावर घेऊन चाटताना आम्हाला मजा वाटायची. आपल्याला ती का मिळते आहे, हे कळण्याचं ते वय नव्हतं.

देशभरची योजना यायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. त्याच्या दोनच वर्षं आधी आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातले बालमृत्यू सगळ्या देशात गाजले होते. सुरुवातीला योजनेत हजेरीवर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचे. म्हणजे पुन्हा तुकडाच. तो सगळ्या घरात वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग आपल्याकडे शाळाशाळांतून खिचडीची पातेली चढली. आज नियमानं पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

या खिचडीला आपण शहरातली माणसं नाकं मुरडतो. तिच्यात डाळ शोधावी लागते, तांदूळ जाडा असतो, कधी काही निघतं, हे खरं आहे आणि त्याबद्दल ओरडलंच पाहिजे. पण एकदा खेड्यातल्या शाळेत दुपारच्या सुट्टीत जाऊन पाहा. पाटलाची नात, मजुराचा पोरगा, बौद्धवाड्यातली मुलगी, सगळी एका ओळीत बसून एका पातेल्यातलं खातात. या मातीत हे सहज घडलेलं नाही. महाराजांनी आणि गाडगेबाबांनी त्यासाठी गावोगाव पाय झिजवले. गाडगेबाबा सांगायचे की ताट मोडा पण पोराला शिकवा. ते खरंच. पण शाळेत बसलेल्या पोराच्या पोटात काही नसेल तर फळ्यावरची अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात. मला चक्करेचा तो पोरगा आठवतो. त्याच्या शाळेत तेव्हा हे पातेलं असतं, तर तो आठवी-दहावी झाला असता का, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

आणि काळजी अजून संपलेली नाही. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी आहे, आठवीपर्यंत खिचडी आहे. नववीत गेलं की ताट काढून घेतलं जातं. मुलीच्या अंगाला सर्वांत जास्त अन्न लागण्याचं वय नेमकं तेच. दुसरीकडे आमच्या शिवारातून ज्वारी जवळजवळ गेली. ज्वारी गेली तशी भाकरी गेली, कडबा गेला आणि कडब्यामागून गायही गेली. तिच्या जागी सोयाबीन आलं. त्या दाण्यात तर ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, पण तो सगळा जातो तेलगिरणीत आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. पिकवणाऱ्याच्या पोराच्या ताटात त्यातला दाणा येत नाही. ग्रामगीतेत गावानं आधी गावाची गरज भागवावी हा जो आग्रह आहे, तो भाबडा नव्हता हे आता पटतं.

महाराज शेवटच्या वर्षांतही फिरतच राहिले. विनोबांच्या भूदानात गेले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवर जवानांसमोर गायले. १९६५ च्या टंचाईत शास्त्रीजींच्या हाकेसरशी आपल्या आईवडिलांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडलं, हे अनेक वाचकांना आठवत असेल. पुढे कर्करोगानं महाराजांना गाठलं आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय अवघं ५९. नागपूरच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेल्या, तुकड्यावर जगलेल्या पोराचं नाव.

गोपाळकाल्याचा अर्थ मला त्या मुलाच्या अर्ध्या द्रोणानं समजावला. प्रत्येकानं आपली शिदोरी आणायची, ती एकत्र कालवायची; मग कुणाची भाकरी साजूक तुपाची आणि कुणाची कोरडी, हे कुणाला कळत नाही. तुकडा मागावा लागतो, तो घेताना मान खाली जाते. काल्यात मान खाली जात नाही. शाळेतलं पातेलं हा आपल्या काळातला काला आहे. त्यात सरकारनं तांदूळ घातलाच आहे. गावानं आपली शिदोरी घालायची राहिली आहे. कुणाच्या परसातला शेवगा, कुणाच्या वावरातली तूर, कुणाच्या घरच्या वाढदिवसाचे शेंगदाण्याचे लाडू. महाराजांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

मी निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत महिन्यातून दोनदा जातो. गोष्टी सांगायला, असं सगळ्यांना सांगतो. खरं तर खिचडीच्या वेळेला जातो आणि पोरांच्या ओळीत बसतो. तो रकाना मी उशिरा का होईना, भरतो आहे. वाचकहो, आज रविवार. तुम्ही हे वाचताय तेव्हा बहुधा घरात काहीतरी गोडाधोडाचं शिजत असेल. शाळेतलं पातेलं आज पालथं आहे. कुठल्या घरात सोमवारची वाट पाहणारं एखादं पोर आहे का, एवढी चौकशी आपल्या आळीत, आपल्या गावात, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईजवळ आपण करू शकतो. विचारताना फक्त तिची मान खाली जाऊ द्यायची नाही.